दाजींचा चार पात्यांचा पंखा

गाडीचा आवाज मी ओळखला, म्हणून मान वर केली नाही. सांगलीच्या हळद पेठेत आमच्या अडत दुकानासमोर दिवसभर बैलगाड्यांची रांग असते, मोटारी थोड्या. त्यातून दाजींची गाडी म्हणजे महायुद्धाच्या आधीची अमेरिकन बनावटीची ट्रक. तिच्या पंख्याला एक वेगळाच घुमारा होता. कोपऱ्यावर आली की आधी तो घुमारा यायचा, मग दोनदा भोंगा, आणि मग दाजींची हाक: "पाव्हणं, हायसा का न्हाई दुकानात? का गेलासा हळदीसंगट तोलून?" त्या सकाळी घुमारा आला, भोंगा आला नाही. मी पोत्याचे वजन सांगता सांगता थांबलो. गाडी दारात उभी राहिली आणि तिच्यातून दाजींच्या ऐवजी बापू उतरला. बापू शेजारच्या गावचा, दाजींबरोबर पलटणीत गाडी चालवलेला. डोक्याचा पटका हातात होता. "चला," एवढेच तो म्हणाला. "आक्कांनी बोलवलंय..."

आक्का माझी थोरली बहीण, आणि दाजी तिचे यजमान. शिराळ्याच्या बाजूला, वारणेच्या काठाला त्यांचे गाव. त्या दिवशी पहाटे दाजी गोठ्यात म्हशीची धार काढायला बसले होते, चरवी अर्धी भरली होती, आणि बसल्या जागी कलंडले ते उठलेच नाहीत. दुखणे नाही, खुपणे नाही. वय पन्नासच्या आत. आता त्याला काही आठवडे झाले. लोक येतात, बसतात, आणि बोलता बोलता कोणीतरी कुंभार्ली घाटाची गोष्ट काढतोच. माझी अडचण अशी की मी पेठेत वजने घेणारा माणूस, आणि ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली. दाजी ती सांगताना दर वेळी वाढवत गेले, आता ऐकणारेही आपापली भर घालू लागले आहेत. माझ्या मते ती मुळातच पुरेशी मोठी आहे. म्हणून जशी घडली तशी लिहून ठेवतो.

लढाई संपली आणि दाजी घरी आले. पलटणीत त्यांनी वाळवंटातून ट्रका चालवल्या होत्या. येताना साठलेल्या पगारातून त्यांनी कराडच्या एका व्यापाऱ्याकडून ही जुनी गाडी घेतली आणि थेट घराच्या अंगणात आणून उभी केली. घरात थोरले बंधू आबा. ऊस, गुऱ्हाळ, बैलांच्या तीन जोड्या, सगळा कारभार त्यांच्या हातात. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला काठी टोचली आणि विचारले, "वैरण किती खाती?" दाजी हसले. आबा हसले नाहीत. त्यांच्या मते शिदू, म्हणजे आमचे दाजी, चार वर्षे सरकारची चाकरी करून आले तेवढे पुरे झाले, आता कासरा हातात घ्यावा. घरातले सगळे त्यांना आबा म्हणत आणि त्यांचे ऐकत. दाजींनी पलटणीत नाव घातले त्याचे अर्धे कारण तेच होते, असे आक्का म्हणते.

आता गाडीची खोड सांगतो. ती तापत असे. सपाटीला ठीक, चढ लागला की रेडिएटरच्या टोपणातून वाफेचा फवारा. कारण उघड होते. रेडिएटरच्या मागे जो पंखा असतो त्याचे एक पाते पूर्वीच्या मालकाच्या वेळीच तुटले होते आणि कोणीतरी तिथे पत्र्याचा तुकडा रिबिट मारून बसवला होता. पंखा थरथरायचा. नवा मिळायचा म्हटले तर त्या गाडीचा माल लढाईपासून येतच नव्हता. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा पंखा निवडून तो हिला बसवायचा, एवढीच वाट होती. सोपे काम वाटते. पण चुकीचा पंखा बसवला तर इंजिन तापून त्याचे डोके तडकते, आणि तसले इंजिन मग लोखंडाच्या भावानेच जाते.

त्यातच आबांनी नवे घर छपरापर्यंत आणले. शिराळ्याकडचा पाऊस पाहता मंगलोरी कौले घालायची ठरली. मिरजेला रेल्वेने कौले येत, पण वॅगन मिळायची मारामार. चिपळूणच्या बंदराला मात्र गलबतांनी उतरलेली कौले पडून होती. ती आणायची म्हणजे कुंभार्ली घाट चढायचा. जेवणे झाल्यावर आबांनी पान लावता लावता निकाल दिला. मी पाहुणा म्हणून तिथेच होतो.

"शिदू, वैशाखात कौलं आणायची. मी गाडीवानांस्नी सांगून ठेवलंय. पर एक खेप तुजी. भरल्या गाडीनं घाट चढलास तर गाडी ऱ्हाईल दारात. घाटात बसली तर तशीच वढून मिरजेच्या भंगारात घालायची. मग आपली बैलं हायती आनि तू हायस."

"आनि चढली तर?" दाजींनी विचारले.

"चढली तर परत इचारणार न्हाई."

दाजी "बरं" म्हणाले आणि उठून अंगणात गेले. मी मागोमाग गेलो. एरवी मोठ्या आवाजात बोलणारा हा माणूस, गाडीच्या मडगार्डावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "पाव्हणं, ही गेली तर मी पुन्ना थोरल्याचा गडी. सांगितलं की उठायचं, सांगितलं की बसायचं. चार वर्सं मी आपला आपुन गाडी हाकलीया..." मग लगेच त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "उद्या मिरजंला चलायचं. तुमी आकडं करा, मी सौदा करतो."

मिरजेत स्टेशनाजवळ एका भंगारवाल्याकडे लष्करी मोडीचा ढीग पडला होता. त्यात शोधून आम्ही दोन पंखे बाजूला काढले. एक सहा पात्यांचा, वीस इंची, कुठल्यातरी दांडग्या लष्करी गाडीचा. दुसरा चार पात्यांचा, सोळा इंची, पण पाती अशी पिळलेली की ताटलीतल्या करंजीची मुरड आठवावी. मी पट्टी लावून मोजत होतो. माझा हिशेब सरळ होता: चाराला सहा म्हणजे दीडपट वारा, आणि वर चार इंच रुंदी जास्त, तो फायदा वेगळा. दाजींचा हिशेब त्याहून सरळ: "मोठा तो मोठाच." भंगारवाला हुशार. त्याने दोन्ही पंखे जोडीनेच विकले. "ह्यो बारका घिऊन जावा, पोराला खेळायला हुईल," म्हणाला. म्हणजे बारका पंखा आमच्या घरी वरतावळा म्हणून, मोठ्यावर फुकट मिळाल्यासारखा आला, हे ध्यानात ठेवावे.

मोठा पंखा बसवला त्या दिवशी अंगणात जत्रा भरली. दाजींनी नारळ फोडला, बॉनेट उघडे ठेवून इंजिन चालू केले, आणि काय वारा सुटला! मळणीच्या खळ्यावर उफणताना, म्हणजे दाण्यातला भुसा उडवताना, वारा नसला की माणसे सुपाने, घोंगडीने वारा घालतात. आमच्याकडच्या लोकांना वाऱ्याची पारख तोंडावर घ्यायची सवय. एकेक जण इंजिनाशेजारी येऊन उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आगागा! लय वारं." एका म्हाताऱ्याचा पटका उडाला तर तो पटका शोधायच्या आधी म्हणाला, "आता घाट काय, आभाळ चढंल!" मीसुद्धा तोंडावर वारा घेतला आणि माझ्या दीडपटीवर खूश झालो. तो वारा रेडिएटरच्या जाळीतून येतो आहे की आणखी कुठून, हे आमच्यापैकी एकालाही विचारावेसे वाटले नाही.

गावाबाहेर एक लांब चढ आहे. भरल्या उसाच्या गाडीला तिथे जादा जोडी जुंपावी लागते. दाजींनी गाडीत वारणेची वाळू भरली आणि आम्ही निघालो. पाऊण चढ झाला नाही तोच पुढून किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला. इंजिनावरचा जो पट्टा पंखा फिरवतो तोच पाण्याचा पंपही फिरवतो. पंखा इतका जड की पट्टा घसरायला लागला, पट्टा घसरला की पंप मंद, पंप मंद की पाणी जागच्या जागी. तुटक्या पंख्याने गाडी जिथवर न उकळता येई, त्याच्या आतच आमच्या दीडपट पंख्याने ती उकळली. दाजी खाली उतरले, वाफेकडे पाहिले आणि माझ्याकडे वळले. "पाव्हणं, दीडपट व्हय?"

"मोठा तो मोठाच ना?" मी म्हणालो.

दोघेही हसलो आणि वाळू खाली ओतायला लागलो. पट्टा ताणून पाहिला, तर पंपाचा बुश झिजायला लागला. तेव्हा कुठे तो पोराच्या खेळातला बारका पंखा आणला आणि भोके जुळवून बसवला. त्याने गाडी चढाच्या माथ्यावर पोचली खरी, पण पोचेपर्यंत बुडबुडे ऐकू येत होते. मी तोपर्यंत एक माप ठरवले होते: माथ्यावर गाडी थांबवायची आणि ओतून पाहायचे की रेडिएटर किती तांबे पाणी पितो. बारक्या पंख्याने गाडी चौदा तांबे प्याली. आमचा हा चढ म्हणजे घाटाचे एक वळण. अशी किती वळणे आणि तिथे पाणी कुठे... दाजींनी चौदा ऐकले आणि टोपण फिरवून बंद केले. त्या आठवड्यात त्यांनी बैलांना स्वतःहून वैरण घातली. आक्काने ते पाहिले आणि मला निरोप धाडला, "एकदा येऊन जा. माणूस गप झालाय."

मी गेलो तेव्हा गुऱ्हाळ चालू होते. माघाचे दिवस. गुऱ्हाळाच्या चुलवाणावर काहील, म्हणजे रस आटवायची भली रुंद लोखंडी कढई, चढवलेली. पण जाळ काही धरत नव्हता. पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, टाकले की नुसता धूर. गूळ शिजवणारा गुळव्या जाळ घालणाऱ्यावर ओरडला, "आरं, काहिलीच्या बुडाला फट हाय, दिसत न्हाई का? वारं तोंडातनं आत जायाच्या जागी फटीतनं घुसतंय. लिंप की ती!" त्या गड्याने ओला चिखल घेतला, काहील आणि चुलवाणाची कड यांच्यामधली फट चहूकडून लिंपून टाकली. आणि जाळाने असा आवाज काढला, जसा काही कोणी भाता लावला. रस क्षणात उचंबळला.

दाजी हातात काकवीची वाटी घेऊन उभे होते. वाटी तशीच राहिली. "पाव्हणं... बघितलंसा?"

"काय?"

"वारं लय आळशी असतंय. जवळची वाट घावली की लांबनं कशाला जाईल ते?" आणि वाटी माझ्या हातात देऊन ते गाडीकडे पळत सुटले. मी काकवी सांडत त्यांच्या मागे.

पुढची युक्ती आक्काची. दाजी इंजिन चालू करून पुढून मागून हात लावून पाहत होते आणि काही कळत नव्हते. आक्का चुलीतली धुमसती गोवरी उलथन्यावर घेऊन आली. "हातानं काय चाचपताय? धुरानं बघा," म्हणाली. तिने गोवरी गाडीच्या नाकासमोर धरली. धूर जाळीकडे गेला, पण रमत गमत. मग ती बाजूला आली, बॉनेटखाली, रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये चार बोटांची मोकळी जागा होती तिथे. धूर बाण सुटावा तसा सरळ पंख्यात शिरला. ती वरून गेली, खालून गेली, दुसऱ्या बाजूने गेली. सगळीकडे तेच. आमचा पंखा रेडिएटरला पाठ करून बाजूचाच वारा खात होता. आबा ओट्यावरून हे पाहत होते. म्हणाले, "काय गं, गाडीची दिष्ट काढाय लागलीस का काय?"

"व्हय," आक्का म्हणाली. "घरातल्याच मानसाची लागलीया, म्हणून काढतीया."

एवढे सरळ उत्तर आबांना घरात कोणी दिलेले मी पाहिले नव्हते. आबा पान चघळत राहिले.

आता काय करायचे ते उघड झाले. रेडिएटरच्या मागे पत्र्याचा टोप बसवायचा, पंख्याभोवती गोल, म्हणजे बाजूची फट बंद आणि वाऱ्याला जाळीतून येण्यावाचून गत्यंतर नाही. प्रश्न पंख्याचा उरला. दाजींचा जीव अजून मोठ्यात अडकलेला. आता टोप आहे तर सहा पाती लावू, म्हणाले. गावानेही तेच सांगितले. मी पट्टी काढली. रेडिएटरची जाळी अठरा इंच रुंद. वीस इंची पंखा टोपात बसवायचा तर टोप जाळीच्या बाहेर जातो, आणि पट्टा घसरायचे दुखणे राहतेच. सोळा इंची बसवला तर सतरा इंचांचे गोल भोक, भोवताली अर्ध्या इंचाची फट, पाती निम्मी टोपात आणि निम्मी बाहेर. शिवाय हलका. दाजींनी दोन्ही पंखे जमिनीवर ठेवले आणि समोर मांडी घालून बसले. येणारा जाणारा बोट दाखवायचा: "ह्यो!" बोट मोठ्याकडे. दाजींनी दोन्हींची पाती बोटाने फिरवून पाहिली. मग मोठा उचलून गोठ्याच्या भिंतीला टेकवला.

"बारका," ते म्हणाले.

आबांनी ऐकले. "आरं, सुपावानी पंखा सोडून चमच्यावानी पंखा लावतोस? लढाईत डोसक्याला वारं लागलं का काय?"

"आबा, पत्रा पायजे."

"कसला पत्रा?"

"गळकी काहील."

गोठ्यामागे त्यांच्या वडिलांच्या वेळची एक काहील पडली होती. बुडाला भोके पडलेली, पण काठाचा पत्रा चांगला. आबांनी पानाची पिंक टाकली. "घे," म्हणाले. "गाडी मोडीत गेली की काहील बी त्यातच जाईल. दोन्ही एकदमच निस्तरंल."

लोहाराने काहील कापली, काठ वळवला, भोक पाडले. दाजींनी टोपाच्या कडेला, रेडिएटरला टेकते तिथे, जुन्या ट्यूबचे रबर लावले, जेणेकरून तिथूनही वारा चोरून जाऊ नये. त्यांनी ते रबर बसवताना बोटाने दाबत पुरी फेरी मारली, चुलवाण लिंपणाऱ्या गड्यासारखी. मग वाळू भरली, चढ चढलो, माथ्यावर मी तांब्या घेऊन टोपण उघडले. ओतायला लागलो आणि लगेच पाणी वरून सांडले. एक तांब्यासुद्धा पुरा गेला नाही. मी म्हणालो, "दाजी, अर्धा." त्यांनी माझ्या हातातून तांब्या हिसकावून घेतला, उरलेले पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतले आणि त्या माळावर एकटेच ओरडले. काय ओरडले ते मला आजही सांगता येणार नाही. शब्द नव्हते त्यात.

तरी तो चढ म्हणजे घाट नव्हे. वैशाखात आम्ही निघालो. दाजी, बापू, मी, आणि आबा स्वतः. आबांनी दोन मोठे डबे पाण्याने भरून घेतले आणि ते आपल्या पायाशी ठेवले. "तू उकळलास की घालाय लागतील," म्हणाले. चिपळूणला बंदरावर कौले भरली. माझ्यासमोर मोजून भरली, बाराशे. हा आकडा मी मुद्दाम लिहितो आहे.

घाटाच्या पायथ्याशी ऊन असे की स्टिअरिंगला हात चिकटावा. पहिले वळण, दुसरे वळण. दाजींनी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि गाडी दमादमाने चढू लागली.  आबांचे डोळे रेडिएटरच्या टोपणावर. माझेही. पंख्याचा तो घुमारा, जो पुढे आमच्या ओळखीचा झाला, मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. काहिलीच्या पत्र्यातून येणारा, एकसुरी, भरल्या पोटाच्या बैलाने सोडलेल्या श्वासासारखा. अर्धा घाट झाला. वाफ नाही. आबा पुढे वाकले, जणू ती लपली असेल.

त्याच्या पुढच्या वळणावर एक सर्व्हिस मोटार बॉनेट उघडून उभी होती. नवीच होती, आमच्या गाडीहून पुष्कळ नवी. उतारू सावलीला बसलेले, वाफेचा लोट निघत होता, आणि तिचा ड्रायव्हर रिकामी बादली हलवत रस्त्यात आला. "आवं, पानी हाय का?"

दाजींनी गाडी थांबवली. चढावर, भरल्या गाडीला, थांबवली!  दाजी आबांकडे वळले आणि अगदी अदबीने म्हणाले, "आबा, तुमच्या पायाशी हाय वाटतं थोडं पानी."

आबांनी डब्यांकडे पाहिले. मग टोपणाकडे पाहिले. मग एक डबा उचलला, स्वतः खाली उतरले, धोतराचा सोगा खोवला आणि स्वतःच्या हाताने त्या परक्या मोटारीत पाणी ओतले. एक डबा झाला, परत आले, दुसरा घेऊन गेले. ड्रायव्हर म्हणाला, "आवं पर तुमास्नी लागंल की वर."

"आमाला?" आबा म्हणाले. कौलांवर हात ठेवला, आवाज चढवला, आणि सावलीतल्या साऱ्या उतारूंना ऐकू जाईल असे म्हणाले, "आमाला न्हाई लागत. आमच्या शिदूनं पंखा निवडलाय!"

दाजींनी क्लच सोडला. गाडी त्या चढावर एक गचका खाऊन उचलली आणि निघाली. मागून उतारूंनी ओरडा केला. बापूने हात बाहेर काढून भोंगा दाबला तो वळण संपेपर्यंत सोडला नाही. घाटमाथ्यावर, हेळवाकला, दाजींनी फडक्याने टोपण उघडले. पाणी थरथरत होते, उकळत नव्हते. मी तांब्या हातात घेतला, तेव्हा ध्यानात आले की ओतायला आमच्याकडे पाणीच नाही. कोयनेवर उतरून आणावे लागले. दीड तांब्या लागला, दुसऱ्यातला निम्मा खाली सांडला. आबांनी तो सांडलेला पाण्याचा ओघळ पाहिला. चहाच्या टपरीवर सगळ्यांचा चहा सांगितला आणि भावाच्या शेजारी बाकड्यावर बसले. पुन्हा कधी त्यांनी गाडीचा विषय काढला नाही. शब्द पाळणारा माणूस.

कौले बाराशे. वाटेत फुटली एकोणीस. दाजींच्या तोंडी पुढच्या वर्षी ती पंधराशे झाली, त्याच्या पुढे दोन हजार, आणि उभ्या मोटारी एकीच्या तीन. मी मध्ये बोललो की ते म्हणायचे, "पाव्हणं, तुमी हळद तोला. घाट मला तोलू द्या." शिराळ्याच्या नागपंचमीला तर माणसे जमवून ते ही गोष्ट सांगत आणि शेवटी बॉनेट उघडून टोप दाखवत. बघता बघता कराड, इस्लामपूरकडचे गाडीवाले येऊ लागले. दाजींनी कोणाला नाही म्हटले नाही. आसपासच्या गुऱ्हाळांवर गळकी काहील शिल्लक राहिली नाही म्हणतात. हे मात्र मी मोजलेले नाही.

परवा मी गावी गेलो होतो. गाडीला गिऱ्हाईक आले होते, चांगला माणूस, रास्त भाव बोलणारा. आक्काने आबांकडे पाहिले. आबा आता काठीवर आहेत. "गाडी दारात ऱ्हाईल," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय." गिऱ्हाईक म्हणाले, शब्द ज्याला दिला तो तर... आबांनी त्याचे वाक्य पुरे होऊ दिले नाही. "म्हणून काय माजा शब्द मेला का?" आता बापू गाडी चालवतो. रोज सकाळी तो निघायच्या आधी आबा काठी टेकत येतात, टोपण उघडायला लावतात, आणि हातातल्या तांब्यातले पाणी ओततात. बहुधा ओतायला जागाच नसते. तांब्या तसाच तुळशीला जातो.

आणि तो मोठा पंखा... सहा पात्यांचा, वीस इंची. तो गोठ्याच्या भिंतीला टेकलेला फार दिवस राहिला नाही. दाजींनी एका लांब वाशाच्या टोकाला जुनी बेअरिंग बसवून तो शाळवाच्या, म्हणजे रब्बी जोंधळ्याच्या, रानात उभा केला, पाखरे उठवायला. वारा आला की तो फिरतो आणि असा खडखडतो की चिमण्या कणसावर बसत नाहीत. दाजी म्हणायचे, "गाडीत बसून वारं वढायचं त्याला जमलं न्हाई. हितं वारंच त्याला वढतंय, तर कसा राजावानी फिरतोय बघा." शाळू आता काढून, मळून झाला, खळ्यावर पडला आहे. उठवायला पाखरे नाहीत, तरी वासा उभाच आहे. निघताना मी आक्काला विचारले, काढून ठेवायचा का. ती चुलीपुढून उठली, ओट्यावर आली, डोळ्यांवर हात धरून रानाकडे पाहिले. पंखा उभा होता. मग एक पाते हलले, दुसरे हलले, आणि सहाही पाती उन्हात एक झाली.

"न्हाई काढायचा," ती म्हणाली, आणि आत वळून सुनेला हाक मारली, "अगं, सुपं काढा. वारं आलंय, उफणाय चला."